मुलींच्या हॉलबाहेर

अल रीम आयलंड, अबुधाबी
शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

प्रिय लुसीताई,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण काही नाही. ऑफिसातून साडेपाचला घरी येतो, डबा गरम करतो, जेवतो. वेळ भरपूर असतो. नेहमीसारखं कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे. अक्षर लागलं नाही तर शेजारच्या ममताला फोनवर मोठं करून दाखवायला सांग. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपण पत्र लिहितो असं सगळ्यांना वाटतं. खरं तर मलाही फोनवर काही सुचत नाही.

टेसाला ऑगस्टच्या शेवटी शारजाला युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमध्ये सोडून आलो. तिची सीट बास्केटबॉलसाठी, खेळाच्या कोट्यातली आहे. कोच यम्ना म्हणून आहेत, ट्युनिशियाच्या. त्यांनी शाळेतल्या मॅचेस पाहूनच हिला मागून घेतलं. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "मिस्टर लॉरेन्स, ही फर्स्ट इयरला आहे, पण माझी टीम मी हिच्याभोवती बांधणार आहे." मी "थँक्यू" म्हटलं. त्यापेक्षा जास्त काहीतरी बोलायला हवं होतं, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

तू विचारलं होतंस, फॉरवर्ड म्हणजे काय. मला समजलं तेवढं सांगतो. बास्केटच्या जवळ राहून जी धक्के खात बॉल आत घालते ती. उंची लागते, ती हिच्याकडे आहे, पाच फूट अकरा. मी तिचा खेळ कधी पाहिलेला नाही. मुलींच्या मॅचेस ज्या हॉलमध्ये होतात तिथे पुरुषांना आत सोडत नाहीत, बापालाही नाही. शाळेतही तसंच होतं. आयांना सोडायचे, म्हणून हेझल आत जायची आणि मी बाहेर थांबायचो. घरी आल्यावर ती जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली, चमचे, लिंबू मांडून मला पूर्ण मॅच दाखवायची. मिठाची बाटली म्हणजे टेसा. मला टेसाचा खेळ तेवढाच माहीत आहे.

मी शर्टाच्या खिशावर काळी पट्टी लावून ऑफिसला जातो. माझ्या शेजारी रत्नागिरीचा झुबेर बसतो. मे महिन्यात मी गावाहून, गासवरून परत आलो तेव्हा तो सुट्टीवर होता. आल्यावर पट्टी बघून म्हणाला, "काय लॉरेन्सभाय, सेफ्टीचा नवीन बॅज काढला काय कंपनीने? आम्हाला नाही मिळाला." मी म्हटलं, हेझल गेली. तो उठून पाण्याचा ग्लास घेऊन आला, माझ्यासमोर ठेवला आणि उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्याच्या बायकोने, अजराने, डबा पाठवला. त्यानंतर आजवर तिने बुधवार चुकवलेला नाही.

तुझ्या कानाच्या मशीनचं काय झालं ते कळव.

तुझा,
लॉरेन्स

*

गास, वसई
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय लॉरेन्स,

मशीन कपाटात आहे. ते लावलं की माणसं सोडून बाकी सगळं ऐकू येतं, पंखा, कुत्री, ममताचा मिक्सर. पस्तीस वर्षं शाळेत मुलांचा गोंगाट ऐकला, आता शांतता आहे ती राहू दे.

हेझलच्या थडग्यावर दर रविवारी फुलं ठेवते. क्रूस अजून लाकडाचाच आहे. वर्ष झाल्याशिवाय दगडाचं काम काढायचं नाही, माती बसायला हवी.

टेसा काळं पाळते ना? मेमध्ये तुम्ही परत निघालात त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिला ओट्यावर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. मान खाली घालून ऐकत होती. मराठी किती समजलं कोण जाणे. आमच्या वेळी मुलींना सांगावं लागत नव्हतं, गल्लीच सांगायची. तिथे तिला सांगणारं दुसरं कोण आहे? तू तर तोंड उघडत नाहीस. लहानपणी तुझा दात दुखत होता ते आईला तुझा गाल सुजल्यावर कळलं.

जेवत जा. बुधवार सोडून बाकीचे दिवसही येतात.

लुसीताई

*

अल रीम आयलंड
रविवार, १ डिसेंबर २०२४

प्रिय लुसीताई,

टेसा काळं पाळते, काळजी नको. तिच्यासाठी वेगळे कपडे घ्यावे लागले नाहीत. टी-शर्ट, ट्रॅकसूट, तिच्याकडे होतं तेच बहुतेक काळं होतं.

त्यांच्या मॅचेस नोव्हेंबरात सुरू झाल्या. मॅच असली की शनिवारी मी शारजाला जातो. दुबईच्या पुढे गाड्या इतक्या अडकतात की दोन तासांचा रस्ता तीन तास घेतो, म्हणून लवकर निघतो. हॉलच्या बाहेर पार्किंगमध्ये थांबतो. आतून बॉल आपटल्याचा आणि शिट्टीचा आवाज येतो. मॅच संपली की ती बाहेर येते, मी तिला जेवायला नेतो, हॉस्टेलवर सोडतो आणि परततो.

काल त्या जिंकल्या. टेसाने चौदा पॉइंट केले.

आज मिस्सानंतर चर्चच्या आवारात व्हर्ननने मला गाठलं. तुला आठवतो ना, नंदाखालचा, बँकेत आहे. त्याने तिथेच चार जणांना हाक मारली. "अरे इकडे या! लॉरेन्सच्या पोरीने चौदा मारले! फर्स्ट इयर, ऐका, फर्स्ट इयर!" एकाने विचारलं, चौदा म्हणजे चांगले का? व्हर्नन म्हणाला, "तुला खेळातलं काय कळतंय." सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवला. मग एक बाई म्हणाल्या, हेझलला किती आनंद झाला असता. त्यावर सगळे हळूहळू पांगले.

बाकी ठीक.

लॉरेन्स

*

गास, वसई
८ डिसेंबर २०२४

टेसा बाळ,

हे पत्र मी तुझ्या पप्पांना न सांगता तुला पाठवते आहे. ममताला तुझा नंबर माहीत होता.

तुझ्या मम्मीला जाऊन सात महिने झाले. मी तुला ओट्यावर काय सांगितलं होतं ते आठवतं का? एक वर्ष काळं. रंगीत काही अंगाला लावायचं नाही. नाच नाही, गाणं नाही, खेळ नाही. खेळू नको म्हणजे कायमचं नको असं मी म्हटलं नव्हतं, फक्त वर्षभर. आता कळतं की तू मॅचेस खेळतेस, चौदा-चौदा पॉइंट करतेस आणि लोक चर्चच्या आवारात टाळ्या वाजवतात. पप्पांनी मोठ्या कौतुकाने लिहिलं आहे. त्यांना मी काही बोलणार नाही, ते आधीच अर्धे झालेत.

पण तू तिची एकुलती एक. तुझ्याशिवाय तिचं काळं पाळणारं दुसरं कोण आहे? तू शहाणी मुलगी आहेस असं मला वाटलं होतं. वाईट वाटलं म्हणून लिहिलं.

लुसीआत्या

*

अल रीम आयलंड
२६ डिसेंबर २०२४

प्रिय लुसीताई,

नाताळ झाला. तुझं पत्र नाही, म्हणजे तब्येत बरी आहे ना?

टेसा दोन दिवस आली होती. आम्ही खिडकीत नाताळचा तारा लावला नाही, बाळ येशूचा गोठाही केला नाही. अजराने बिर्याणी पाठवली, त्यावर दोघांचं भागलं. समोरच्या टॉवरमध्ये कोणीतरी गॅलरीत दिव्यांचं झाड ठेवलंय. टेसा बराच वेळ खिडकीपाशी उभी राहून ते बघत होती. मी विचारलं, आपल्याला हवं होतं का? म्हणाली, "नो पप्पा, इट्स फाइन."

या खेपेला ती फार गप्प होती. हातात फोन घेऊन काहीतरी पुन्हा पुन्हा वाचत होती. परीक्षेचं टेन्शन असेल. मी विचारलं नाही. या वयात मुलांना विचारलेलं आवडत नाही.

मागच्या मॅचमध्ये अठरा पॉइंट झाले. कोच यम्नांचा मला फोन आला होता, पण मीटिंगमध्ये होतो. नंतर मी केला तेव्हा त्यांनी उचलला नाही.

नवीन वर्ष तुला सुखाचं जावो.

लॉरेन्स

*

गास, वसई
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय लॉरेन्स,

हे पत्र बसून वाच. कोणी गेलेलं नाही, घाबरू नको.

मी डिसेंबरात टेसाला रागाने एक पत्र लिहिलं होतं. वर्ष व्हायच्या आत मॅचेस खेळतेस म्हणून. त्याचं उत्तर परवा आलं. इंग्रजीत आहे, चांगलं तीन पानांचं. ममताला दाखवावंसं वाटलं नाही, म्हणून डिक्शनरी घेऊन मीच दोन दिवस बसले. त्यातलं मुख्य तुला माझ्या शब्दांत देते. कुठे चुकलं असेल तर ती चूक माझी, तिची नाही.

ती लिहिते:

"आत्या, मी एकही मॅच खेळलेले नाही. पप्पांनी चौदा पॉइंट कुठून आणले मला माहीत नाही. तू ओट्यावर सांगितलंस ते मला सगळं समजलं होतं. आमची जर्सी लाल आहे. मी पहिल्याच आठवड्यात कोचला सांगितलं की मे महिन्यापर्यंत मी प्रॅक्टिस करीन, पण लाल जर्सी घालणार नाही आणि मॅच खेळणार नाही. त्यांना वाटलं मी घाबरले. शाळेत सगळ्यांत जास्त पॉइंट करणाऱ्या मुलींना कॉलेजात येऊन असं होतं म्हणे. मी काळ्या ट्रॅकसूटमध्ये बाकावर बसते.

"आधी मी तू सांगितलंस म्हणून बसले. आता तसं नाही. गासला मी काळे कपडे घातले होते तेव्हा वाटेत बायका थांबून विचारायच्या, कोणाची गं तू? हेझलची का? इथे सगळ्याच काळं घालतात. अबाया काळी, हुडी काळी. माझ्याकडे बघून कोणाला काहीच कळत नाही. ऑगस्टपासून कपड्यांवरून मला कोणी एक शब्द विचारला नाही. पण बाकावर बसले की प्रत्येक मॅचला कोणीतरी विचारतं, एवढी उंच मुलगी, का नाही खेळत? मग मला सांगता येतं, माझी मम्मी गेली. मग त्या विचारतात, नाव काय होतं, कशी होती? मी सांगते. मी खेळायला लागले तर फक्त पॉइंट विचारतील.

"पप्पा बाहेर गाडीत असतात. मी आले की म्हणतात, कसं झालं? मी म्हणते, जिंकलो, किंवा हरलो. ते म्हणतात, छान. हरलो तरी छान म्हणतात."

आणखी एक आहे. कोचने तिला सांगितलंय की रमजानच्या आधी शेवटची मॅच बावीस फेब्रुवारीला आहे. तोपर्यंत एकही मॅच खेळली नाही तर पुढच्या वर्षीच्या टीममधून नाव जाईल, आणि खेळाच्या कोट्यातली हॉस्टेलची सीटही. तुला हे माहीत होतं का?

लॉरेन्स, चौदा आणि अठरा कुठून आले?

लुसीताई

*

अल रीम आयलंड
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय लुसीताई,

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझी मुलगी दीडशे किलोमीटरवर आहे आणि ती खेळत नाही हे मला वसईहून कळलं.

तीस नोव्हेंबरच्या मॅचनंतर ती "वी वन" म्हणाली. मी तिने किती केले ते विचारलं नाही. तिने सांगितलं असतं तरी मला त्यातलं काही दिसलं नसतं. घरी येऊन टेबलावर बसलो, आणि मिठाची बाटली समोर होती. दुसऱ्या दिवशी व्हर्ननने विचारलं, किती मारले? शाळेत पहिल्या मॅचला तिने चौदा केले होते, हेझलने सांगितलेले. तो आकडा तोंडातून गेला. पुढे अठराही तसेच गेले. ताई, मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. चोवीस वर्षं माझं काम एवढंच, की ज्या कागदावर सही नाही तो माझ्या टेबलावरून पुढे जायचा नाही. आणि हे मी लिहून तुला पाठवलं. तू ते खरं मानून पोरीला रागावलीस. त्यातला दोष माझा आहे.

काल मी गेलो होतो. मॅच नव्हती, तरी गेलो. तिला अल मजाजला जेवायला नेलं. रस्ताभर ठरवत होतो की आज विचारायचं. तिने पराठा घेतला, मी चहा घेतला. मी म्हटलं, कोचचा फोन आला होता. ती म्हणाली, "आय नो." मी म्हटलं, काय म्हणतात त्या? ती म्हणाली, "पप्पा, आत्याने सांगितलं ना तुम्हाला?" मी हो म्हटलं. मग मी तिला विचारलं, पराठा कसा आहे. आणि परत आलो.

मला जमत नाही, ताई. तू लिही तिला. तू घातलेलं काळं तूच उतरवू शकतेस. सीट गेली तर ती राहणार कुठे? रोज अबुधाबीवरून जाणं शक्य नाही. शिवाय एवढ्या लोकांनी तिच्याकडून एवढी आशा धरलीय. कोचने, व्हर्ननने, सगळ्यांनी. मीही.

लॉरेन्स

*

गास, वसई
२६ जानेवारी २०२५

टेसा बाळ,

हे पत्र पप्पा छापून तुझ्या हातात देतील.

आधी माफी. न विचारता रागावले. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले, आधी विचारा, मग बोला.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. तुझे काका, माझे मिस्टर, गेले तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. वर्षभर काळं पाळायचं होतं. सहाव्या महिन्यात शाळेत तपासणी लागली. हेडमास्तर म्हणाले, लुसीबाई, साहेबांसमोर काळी साडी बरी दिसणार नाही, त्या दिवसापुरतं बघा ना. मी पिवळी साडी नेसून गेले. वर्गातल्या पोरी दिवसभर म्हणत होत्या, बाई, आज छान दिसता. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी काळी साडी हातात घेतली आणि परत कपाटात ठेवली. ते बरं वाटलं होतं, त्याची मला इतकी लाज वाटली की तेव्हापासून मी गावातल्या प्रत्येक घरी जाऊन मुलींना कडक सांगत आले. वर्ष म्हणजे वर्ष. तुलाही तेच सांगितलं.

म्हणून आता मीच सांगते, की मी घातलेलं मी उतरवते. लाल जर्सी घाल. शेवटची मॅच खेळ. गावात कोणी विचारलं तर लुसीने परवानगी दिली म्हणून सांगीन. तुझी मम्मी वर्ष मोजत बसणारी नव्हती.

सीट घालवू नको. पप्पांकडे बघ जरा. त्यांना बोलता येत नाही. त्यांना लहानपणापासून ओळखते म्हणून सांगते, त्यांना वाटतं की न विचारणं म्हणजे त्रास न देणं.

तुझी,
आत्या

*

अल रीम आयलंड
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय लुसीताई,

तुझं पत्र मी टेसाला जानेवारीतच द्यायला हवं होतं. ते घेऊन मी दोनदा शारजाला गेलो आणि दोन्ही वेळा परत आणलं. तिने हो म्हटलं तर ते तुझ्या शब्दावर असेल, नाही म्हटलं तर सीट जाईल, आणि दोन्हींत मी नुसता पोस्टमन. शेवटी काल दिलं, मॅचच्या तासभर आधी, हॉलच्या बाहेर.

तिने उभ्याउभ्याच वाचलं. दोन्ही पानं. पिवळ्या साडीपाशी आली तेव्हा थोडी हसली. घडी घालून ट्रॅकसूटच्या खिशात ठेवलं आणि म्हणाली, "आत्याला थँक्यू सांगा. बट नो, पप्पा."

मी म्हटलं, सीट जाईल.

"आय नो."

मी म्हटलं, कोचने टीम तुझ्याभोवती बांधली होती.

"आय नो, पप्पा. मेमध्ये वर्ष होईल. मग मी खेळीन. त्यांनी घेतलं तर."

ताई, तिथे मी काहीतरी बापासारखं बोलायचं होतं. तिला समजवायचं होतं. तेवढ्यासाठीच तर गेलो होतो. ती माझ्याकडे बघत उभी होती, माझ्याहून चार बोटं उंच. मी म्हटलं, "मग नको खेळू." तिने मान हलवली आणि आत गेली.

दोन तास आवाज ऐकला. शेवटी एकदम मोठा ओरडा झाला, तो कोणाच्या बाजूचा ते कळलं नाही. त्या तीन पॉइंटांनी हरल्या.

कोच यम्ना स्वतः पार्किंगमध्ये आल्या. घामाघूम झाल्या होत्या. म्हणाल्या, "मिस्टर लॉरेन्स, तीन पॉइंट. ती असती तर तीन पॉइंट ही गोष्टच नव्हती. आता नियम मला मोडता येत नाही. सप्टेंबरला नव्या मुलींबरोबर तिला ट्रायल द्यावी लागेल, आणि जागा असेलच असं नाही. तुम्ही वडील आहात, तुम्ही तिला सांगायला हवं होतं."

मी म्हटलं, "मॅडम, ती बरोबर आहे."

 त्यांनी विचारलं, तुमच्या मिसेसना जाऊन किती महिने झाले? मी सांगितलं, नऊ. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि अरबीत काहीतरी म्हणाल्या. मग "खलास, गो होम" म्हणाल्या आणि आत गेल्या.

सीट जूनपर्यंत आहे. पुढे काय करायचं ते बघू. शारजात एखादी खोली दोघी-तिघी मुलींनी मिळून घेता येते म्हणते. मला ते फारसं पटत नाही.

आज मिस्सानंतर व्हर्नन माझी वाटच बघत होता. "बोल, शेवटची मॅच! किती?" त्याच्याबरोबर नेहमीचे चार-पाच जण होते. मी म्हटलं, टेसा खेळली नाही. या वर्षी ती एकही मॅच खेळलेली नाही. हेझलचं काळं पाळते, म्हणून बाकावर बसते. व्हर्ननने विचारलं,

"अरे, मग ते चौदा? ते अठरा?"

मी म्हटलं, "ते मी केले."

कोणी हसलं नाही. मलाच हसू आलं आणि ते आवरेना. व्हर्ननने मला बाजूला नेऊन बाकावर बसवलं आणि माझ्याजवळ बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा तिकीट मिळालं नाही असं सांगून मी गावी गेलो नव्हतो. तिकीट होतं." एवढंच बोलला. चोवीस वर्षं ओळखतो त्याला.

पण काल संध्याकाळचं सांगायचं राहिलं, आणि हे पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं.

हॉस्टेलवर सोडायला वळलो तेव्हा टेसा म्हणाली, सोमवारी लेक्चर दुपारी आहे, मी घरी येते. मी गाडी अबुधाबीकडे काढली. दुबई गेलं. जेबेल अली गेलं. घंतूतच्या आसपास रस्ता मोकळा झाला. मी गाडीचा वेग एकशे वीसवर लावून ठेवला आणि समोर बघत विचारलं, "बाकावर बसल्यावर मुली विचारतात, तेव्हा मम्मीचं काय सांगतेस त्यांना?"

ती माझ्याकडे वळली. "यू रियली वॉन्ट टू नो?"

मी हो म्हटलं.

तिने सांगायला सुरुवात केली. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. हेझल हॉलमध्ये सगळ्यांत वरच्या पायरीवर बसायची. रेफ्रीवर आपल्या वसईच्या बोलीत ओरडायची, कोणाला समजणार नाही म्हणून. एकदा त्या रेफ्री बाई आपल्या वसईतल्या निर्मळच्याच निघाल्या. त्यांनी मॅच थांबवून हेझलकडे बघून हात जोडले होते. ताई, हे मला टेबलावर कधी सांगितलं गेलं नव्हतं. मी हसलो. टेसाही हसली आणि मग रडली आणि रडत रडतच सांगत राहिली. मम्मीच्या पर्समध्ये टीमसाठी सोललेली संत्री असायची. एका मॅचला टेसाने चार फाउल केले तेव्हा मम्मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोलली नव्हती. त्या दिवशी मला टेबलावर तिने सांगितलं होतं की टेसा छान खेळली.

शहामा मागे पडलं. ती शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत आली होती, हॉस्पिटल अजून यायचं होतं. तेव्हा मी रोज संध्याकाळी हेझलच्या वॉर्डात जायचो आणि टेसा दुपारी असायची. दुपारी तिथे काय काय झालं ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.

घराकडचं, रीमचं वळण आलं, ती अजून सांगत होती. मी वळलो नाही.

तुझा,
लॉरेन्स